फायर ब्रिगेडमधली ३५ वर्षं : सोलापूरकर मला नेहमी विचारतात ते प्रश्न

१९८८ ला फायरमन म्हणून लागलो आणि २०२३ ला अधिकारी म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी सोलापुरातच. आता शाळा, गणपती मंडळं, कारखाने, बचत गट, जिथं बोलवतात तिथं जातो आणि आग विझवायचं, त्याहीपेक्षा आग लागू न द्यायचं शिकवतो. सगळीकडे प्रश्न साधारण तेच येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय, जसं बोलतो तसंच लिहिलंय.

या नोकरीत कसे आलात?

वडील मागावर कामाला होते, आई विड्या वळायची, दोन खोल्यांचं घर साखर पेठेच्या बाजूला. एका उन्हाळ्यात शेजारच्या मागाच्या शेडमध्ये सूत पेटलं. आम्ही पोरं बादल्या घेऊन पळतोय, मालक रडतोय, जो तो ओरडतोय की इतका माल आहे, तितके बीम आहेत. तेवढ्यात बंब आला, त्यातून एक वयस्कर तांडेल, म्हणजे फायरमनांचे मुकादम, उतरले आणि त्यांनी पाण्याचं नाव न काढता पहिला प्रश्न केला, "आत कोण आहे?" सगळे एकदम गप्प, कारण कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी कळलं की मागच्या बाजूला एक कामगार झोपलाय, रात्रपाळी करून. त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं, तो वाचला. मी तेव्हा बारावी करून रिकामा होतो, त्या दिवशीच मनात ठरलं. पुढे भरती निघाली, धावलो, दोर चढलो, लागलो. तेच तांडेल नंतर माझे उस्ताद झाले, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो.

वर्दी म्हणजे काय, आणि वर्दी आली की नेमकं काय होतं?

आगीचा किंवा अपघाताचा जो कॉल येतो त्याला आमच्यात वर्दी म्हणतात. कपड्यांची वर्दी वेगळी आणि ही वेगळी. वॉच रूममधला माणूस फोन घेतो, पत्ता, काय पेटलंय, कोण अडकलंय आणि फोन करणाऱ्याचा नंबर लिहून घेतो, घंटा देतो आणि एका मिनिटाच्या आत गाडी गेटबाहेर पडली पाहिजे. जेवणाचं ताट तसंच राहतं. गाडीतच गमबूट, हेल्मेट, कोट चढवायचा आणि रस्त्यातच कामं वाटून घ्यायची, होज म्हणजे पाण्याचा पाइप कोण लावणार, पंप कोण बघणार, आत कोण जाणार. फोन करणाऱ्यांनी एक गोष्ट पाळा, पत्ता सांगताना जवळची ठळक खूण सांगा, आणि आम्ही फोन ठेवा म्हणेपर्यंत ठेवू नका. घाबरून "लवकर या हो, आग लागलीय" एवढंच बोलून लोक फोन कट करतात, मग आम्ही जायचं कुठे? नंबर १०१, नाहीतर ११२ सुद्धा चालतो.

बंब यायला एवढा उशीर का होतो? आणि आल्यावर पाच मिनिटांत पाणी कसं संपतं?

या प्रश्नावरून मी शिव्या खाल्ल्यात, दगड पण झेललेत, तरी लोकांवर राग नाही कारण ज्याचं घर जळतंय त्याला एक मिनिट म्हणजे एक तास वाटतो. पण कारणं ऐका. आपल्या पेठांमधले बोळ बघा, भवानी पेठ, दाजी पेठ, मंगळवार पेठ, दोन्हीकडे गाड्या लावलेल्या, वर वायरी लोंबतायत, मधे मांडव. मोठी गाडी वळतच नाही, मग लांब थांबून होजला होज जोडत जावं लागतं आणि त्यात वेळ जातो.

पाण्याचं गणित तर साधंय. मोठ्या बंबात साधारण ४५०० लिटर पाणी असतं. एका होजमधून पूर्ण दाबानं मिनिटाला साडेचारशे लिटरच्या आसपास जातं, म्हणजे दोन होज लावले की पाच मिनिटांत गाडी रिकामी. म्हणजे गाडी रिकामी आली नव्हती, पाणी खरंच संपलं. म्हणून मोठी आग असली की मागोमाग टँकर लागतात आणि टँकर यायला रस्ता लागतो. तुम्ही गल्लीत दुचाकी बाजूला घेतल्या आणि चौकात एक माणूस हात दाखवायला उभा केला तरी आमची दोन-तीन मिनिटं वाचतात, आणि दोन-तीन मिनिटांत एक खोली जाते की अख्खं घर, ते ठरतं.

सोलापुरात आगी जास्त कुठे लागतात?

यावर मला खूप बोलायचंय. आपलं शहर सुतावर उभं आहे, चादर, टॉवेल, पावरलूम, गारमेंट. सूत शांत दिसतं पण मागावर दिवसभर बारीक तंतू उडत असतो, तो ट्यूबलाइटवर, वायरीवर, मोटरवर, पत्र्याच्या अँगलवर बसतो, आणि एका ठिणगीवर त्या तंतूवरून आग सरसर पळते, शेडच्या एका टोकाची दुसऱ्या टोकाला कधी गेली ते डोळ्याला कळत नाही. गाठी पेटल्या की त्रास अजून वेगळा. वरून पाणी मारलं तर विझल्यासारखी वाटते पण गाठीच्या पोटात निखारा तसाच राहतो, दोन दिवसांनी पुन्हा धूर. म्हणून गाठ फोडून, पसरून, उलटीपालटी करून विझवावी लागते, आम्ही एकेका गोडाऊनला दोन-दोन दिवस उभे राहिलोय. अ‍ॅक्रेलिकचा माल असेल तर धूर फार विषारी असतो, त्यात सायनाइडचा वायू तयार होतो, दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडे कित्येकांचं घर आणि कारखाना एकाच छताखाली आहे. खाली माग, वर बिऱ्हाड. चोरीच्या भीतीनं खिडक्यांना जाळ्या, रात्री शटर बाहेरून नाहीतर आतून कुलूपबंद, जिन्यात मालाचे ढीग. १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जीव गेले, त्यात एक लहान बाळ होतं. मी तेव्हा रिटायर झालेलो, तरी सकाळी जाऊन लांब उभा राहिलो. पुढचे कितीतरी दिवस झोप नीट आली नाही.

त्यामुळे कारखानेवाल्यांना मी हात जोडून सांगतो, मालक, माल नंतर बघा. ज्या जागेत माणूस झोपतो तिथून बाहेर पडायला दुसरा रस्ता पाहिजे, जाळीला आतून उघडणारी खिडकी पाहिजे, जिना मोकळा पाहिजे, आठवड्यातून एकदा तरी वायरीवरचा तंतू झाडला पाहिजे, पण मेन स्विच बंद करून. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्याप्रमाणे ज्यांच्याकडे आग विझवायची यंत्रणा बसवलेली असते त्यांनी ती चालू असल्याचा दाखला लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. तो कागद फाईलला लावण्यापुरता घेऊ नका, माणूस बोलवून खरोखर पंप चालू करून बघा.

बाकी ग्रामीण भागात उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी आणि ऊस पेटतो, साखर कारखान्यांवर बगॅसचे म्हणजे उसाच्या चिपाडाचे ढीग पेटतात. वर्षभर पावसाची वाट बघून, ज्वारी काढून, जनावरासाठी लावलेली गंज अर्ध्या तासात राख होते. तार लोंबत असेल तर तिच्याखाली गंज लावू नका, आणि एकच मोठी लावण्यापेक्षा अंतर ठेवून दोन-तीन लावा.

आत शिरताना भीती वाटत नाही का?

वाटते, प्रत्येक वेळी वाटली. धुरात हात नाकासमोर धरला तरी दिसत नाही, फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज येतो. पाठीवर बीए सेटचा, म्हणजे श्वासासाठीच्या हवेचा सिलेंडर असतो, कागदावर तो पाऊण तास चालतो पण माणूस दमून कष्ट करत असेल तर अर्ध्या तासातच संपत येतो आणि शिट्टी वाजायला लागते. शिट्टी वाजली की बाहेर. आत कितीही काम राहिलं असलं तरी बाहेर.

अधिकारी झाल्यावर सगळ्यात अवघड काय होतं?

मोजणं. पोरं आत सोडली किती आणि बाहेर आली किती.

फायरमन असताना आपण आपल्यापुरतं बघतो, अधिकारी झालं की बाहेर उभं राहायचं असतं आणि ते आत जाण्यापेक्षा जड असतं. माझ्या हातून एकदा चूक झाली ती सांगतो. एका पेठेत कापडाच्या दुकानाला आग, दोन मजली, मागच्या बाजूनं मदत मागतायत म्हणून मी मागे धावलो आणि पुढून आत गेलेल्या तीन पोरांची वेळ कुणालाच लिहून ठेवायला सांगितली नाही. दोघे आले, तिसरा नाही. चार मिनिटं, मी आजही मोजू शकतो ती चार मिनिटं. तो होज धरून भिंतीला लागून सरकत सरकत आला. घरी जाऊन मी अंघोळीच्या दगडावर बसून राहिलो, बायकोनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या शिफ्टसमोर उभा राहिलो, चूक माझी होती असं सांगितलं, आणि तेव्हापासून गाडीच्या दाराला एक पाटी आणि खडू असायचा, आत जाणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहिल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही.

दुसरं म्हणजे माघार घेणं. पत्र्याच्या शेडची लोखंडी अँगल साडेपाचशे-सहाशे डिग्रीला अर्धी ताकद सोडते, ती वाकायच्या आधी आवाज करते, तो आवाज ओळखता आला पाहिजे. एका गोडाऊनला मी पोरं बाहेर काढली तेव्हा बाहेरच्या गर्दीनं मला भित्रा म्हटलं, काहीजण अंगावर आले. थोड्याच वेळात अख्खं छत आत बसलं. त्या दिवशी सात पोरं आपापल्या घरी जेवायला गेली, मला तेवढं बास आहे. मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या आगीत फायर ब्रिगेडचे चार मोठे अधिकारी गेले, चीफ फायर ऑफिसर सुनील नेसरीकर साहेब त्यातच. एवढे अनुभवी लोक, तरी इमारतीनं वेळ दिला नाही. ती बातमी आली तेव्हा आमच्या स्टेशनात रात्रभर कुणी टीव्ही बंद केला नव्हता.

तिसरं कुणी विचारत नाही तरी सांगतो. लहान मूल वाचवता आलं नाही की पोरं बोलत नाहीत. कुणी गाडी उगाच पुन्हा पुन्हा धुतो, कुणी घरी जाऊन भांडतो. अशा रात्री मी कुणाला एकटं घरी पाठवलं नाही. स्टेशनच्या पायरीवर सगळ्यांना बसवायचं, चहा मागवायचा, आणि आधी मी बोलायचं, मला काय दिसलं, मला कसं वाटलं. साहेब बोलला की पोरं बोलतात. आधीच्या काळात पुरुषानं रडायचं नाही म्हणायचे, त्यामुळे आमच्या पिढीतले कितीतरी चांगले लोक दारूत गेले, मला ते पुढच्या पोरांच्या बाबतीत होऊ द्यायचं नव्हतं.

किल्लारीच्या भूकंपाला गेला होतात का?

हो. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी, रात्रभर विसर्जनाचा बंदोबस्त करून आम्ही स्टेशनात येऊन नुसते टेकलो होतो. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, सोलापुरातही भांडी पडली, लोक रस्त्यावर आले. नंतर कळलं लातूर-उस्मानाबादकडे काय झालंय आणि उमरग्याच्या रस्त्यानं निघालो. दगड-मातीची घरं, जाड भिंती, माणसं झोपेत गाडली गेलेली. आमच्याकडे तेव्हा पहार, फावडी, दोर आणि हात. दर थोड्या वेळानं सगळ्यांनी गप्प व्हायचं, कान लावून ऐकायचं, आवाज आला की तिथं हातानं दगड काढायचे. भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. तिथं मला कळलं की बाहेरून कितीही मदत आली तरी पहिले जीव गावातल्याच माणसांनी काढलेले असतात, आम्ही पोचायच्या आधी. लोकांना शिकवायचं खूळ माझ्या डोक्यात तिथून शिरलं.

नवीन पोरांना ट्रेनिंग कसं द्यायचात?

मामांनी मला दिलं तसंच. डोळ्याला पट्टी बांधून यार्डात होज पसरायचा, वेटोळी करून, खुर्च्या-टायर मधे टाकून, आणि पोराला सांगायचं, हातानं चाचपत बाहेर ये. दोन होज जिथं जोडलेले असतात तिथं कपलिंगच्या ज्या बाजूला लग, म्हणजे बाहेर आलेले उंचवटे, हाताला लागतात ती पंपाची बाजू, म्हणजे बाहेरची. हे डोळे उघडे असताना दहा सेकंदात समजतं, आणि धुरात घाबरलेल्या माणसाला आठवतच नाही, म्हणून डोक्याला नाही तर हाताला शिकवायचं. मी हे शंभर-शंभर वेळा करून घ्यायचो, पोरं वैतागायची. वर सांगितलं ना एक पोरगा होज धरून आला, त्याला हेच वाचवून गेलं.

गाठी मारणं, शिडी, माणूस खांद्यावर उचलणं, पंप चालवणं हे सगळं असतंच, पण त्याच्याबरोबर मी अजून एक करायचो. महिन्यातून एकदा नवीन पोरांना गाडी न घेता पायी शहरात फिरवायचो. कन्ना चौक, जोडबसवण्णा चौक, अशोक चौक, कुठल्या बोळात गाडी जात नाही, विहीर कुठं आहे, हौद कुठं आहे, कुठल्या शेडमध्ये रात्री माणसं झोपतात. आणि आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही चालतं, तर "आत कोण आहे" हा एक प्रश्न प्रत्येकाला चारही भाषांत पाठ असलाच पाहिजे. घाबरलेली म्हातारी आपल्या आईच्या भाषेतच उत्तर देते.

मला फायरमन व्हायचंय, काय करू?

शिक्षण आधी पुरं कर. मुंबईत सांताक्रूझच्या विद्यानगरीला राज्य सरकारची अग्निशमन अकादमी आहे, तिथला ६ महिन्यांचा अग्निशामक कोर्स बहुतेक भरतीत मागतात. पुढे अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय, तिथला सब ऑफिसर कोर्स. उंची-छातीचे आकडे ज्या त्या जाहिरातीत बघ. पैसे भरून महिन्याभरात सर्टिफिकेट देणारे बरेच दुकानदार आहेत, माझ्या ओळखीतल्या एका पोराच्या बापानं त्यासाठी बैल विकले आणि तो कागद भरतीत चालला नाही. पैसे भरायच्या आधी जाहिरातीत कुठला कोर्स मान्य आहे ते वाच. आणि रोज पळ, दोर चढ, पोहायला शीक, आषाढीला चंद्रभागेत माणूस बुडताना कुणी तुझी मार्कशीट बघत नाही.

मुलींना जमेल का?

जमेल काय, जमतंय. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर त्याच कॉलेजात शिकून देशातल्या पहिल्या महिला फायर फायटर झाल्या, त्यालाही आता वीस वर्षांच्या वर झाली. शिकवायला गेलो की सगळ्यात नेमके प्रश्न मला विडी कामगार बायकांच्या बचत गटातच ऐकायला मिळतात.

गॅसचा वास आला तर पहिलं काय करायचं?

स्विचला हात लावायचा नाही, चालू पण नाही आणि बंद पण नाही, फॅन-एक्झॉस्ट सुद्धा नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, घरातली माणसं बाहेर, आणि फोन बाहेर जाऊन करायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडं पाहिजे. गॅस गळतीसाठी १९०६ नंबर आहे, तो आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा.

कढईतलं तेल पेटलं तर?

पाणी अजिबात नाही, पाणी टाकलं की भडका छताला जातो. गॅस बंद करून वरून ताट नाहीतर घट्ट झाकण सरकवायचं आणि तसंच राहू द्यायचं. कढई उचलून मोरीकडे पळायचं नाही, बहुतेक माणसं तिथंच भाजतात.

आग विझवायचा सिलेंडर कसा वापरायचा?

पिन ओढा, सहा-आठ फुटांवर उभं राहा, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवा. पाठ कायम दाराकडे. छोटा सिलेंडर पंधरा-वीस सेकंदच चालतो, तेवढ्यात नाही विझली तर तो टाकून बाहेर पडायचं. काटा हिरव्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघत जा.

भाजलं तर?

वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही, शाई तर मुळीच नाही. अंगठी-बांगड्या सूज यायच्या आधी काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, स्वच्छ सुती कापड सैल झाका आणि १०८ ला फोन करा. कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर पडून लोळायचं, आणि दुसऱ्यानं जाड सुती चादर टाकायची. घरात सोलापुरी चादर असतेच, ती बाहेर काढा.

१४ एप्रिलला तुम्ही काय पाळता?

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग विझवतानाच स्फोट झाले आणि ६६ अग्निशामक जवान गेले, म्हणून तो अग्निशमन सेवा दिन आणि तिथून पुढचा आठवडा अग्निशमन सप्ताह. कापसाच्या गाठी म्हटलं की आम्हा सोलापूरवाल्यांना ती आग जरा जास्तच जवळची वाटते. त्याच दिवशी भीमजयंती, बाहेर निळे झेंडे, हलग्या, आणि आत स्टेशनात दोन मिनिटं शांत उभी असलेली पोरं. ३५ वर्षं हे दोन्ही एकाच सकाळी बघितलं.

गड्ड्याच्या जत्रेत ड्युटी असायची का?

दरवर्षी. घरच्यांबरोबर सिद्धेश्वराची जत्रा मी रिटायर झाल्यावर पहिल्यांदा बघितली. होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू असताना सगळं गाव वर बघतं, आमची नजर मात्र खाली, स्टॉलचे पडदे, गॅसच्या शेगड्या, पाळण्यांच्या वायरी. मुलगी लहानपणी विचारायची, बाबा तुम्ही आमच्याबरोबर का येत नाही, तेव्हा तिची आई तिला गर्दीतून लांबून बंब दाखवायची आणि सांगायची, ते बघ, आलेत.

आमच्या मंडळात, शाळेत, कारखान्यात शिकवायला याल का? किती घेता?

येईन, पैसे घेत नाही. मोकळी जागा, दोन बादल्या पाणी, एक जुनी जाड सुती चादर आणि एक झाकणाची कढई एवढंच लागतं. मुलं पण येऊ द्या, म्हातारी माणसं पण. एक काम मात्र मी यायच्या आधी तुम्ही करून ठेवायचं. एक वही घ्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन लिहा, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला ऐकू येत नाही, कुठं तान्हं बाळ आहे, कुठल्या शेडमध्ये रात्री कोण झोपतं आणि किल्ली कुणाकडे असते. दोन प्रती करा, एक चौकातल्या दुकानात ठेवा. पुढच्या वेळी बंबातून उतरलेला पोरगा विचारेल आत कोण आहे, तेव्हा कुणीतरी ती वही त्याच्या हातात द्यायची.